मीनलला, बोटीबद्दल

थळ, बुधवार रात्र

चि. मीनल हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मी आपटला नाही, हातातून सुटला. आई म्हणते आपटलात. असेल. पण "बाबा, ही तुमची लाँच नाही, शनिवार-रविवारची मजा आहे" हे वाक्य तीन दिवस डोक्यात घणघणतंय. बत्तीस वर्षं लाँचच्या इंजिनाशेजारी उभा राहिलेल्या माणसाला असं बोलतात का? असो. भांडण उकरायला बसलो नाही. बोट घे. पैसे तुझे, सुहासरावांचे, आणि तुम्ही दोघं घोड्याएवढी झालात.

तू पाठवलेले दोन्ही फोटो शेजारच्या मुलाकडून मोठे करून बघितले. सव्वीस फुटी, केबिनवाली दिसायला राणी आहे. आत पलंग, छोटा ओटा, संडाससुद्धा. आईला तीच आवडली, गुडघ्यांमुळे. मला नाही आवडली. तिचं पेट्रोल इंजिन पोटात आहे आणि पाय, म्हणजे पंखा बसवलेला खालचा भाग, मागे पाण्यात. तो पाय वर्षभर खाऱ्या पाण्यात राहणार. जिथे तो बोटीला जोडतो तिथे रबराचा भाता असतो. तो चिरला की पाणी थेट आत. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, तळाशी साचून राहते. स्टार्टर मारायच्या आधी ती वाफ बाहेर फेकणारा ब्लोअर चार मिनिटं चालवायचा असतो, आणि हे चार मिनिटांचं काम माणूस पहिला महिना करतो, मग विसरतो. तू विसरणार नाहीस, पण सुहासराव गाडीसुद्धा बेल्ट न लावता सुरू करतात. (हे त्यांना वाचून दाखवू नकोस.)

एकवीस फुटी मला पटली. मागे दीडशे घोड्यांची यामाहा टांगलेली. काम झालं की इंजिन उचलून पाण्याबाहेर ठेवता येतं. गोडं पाणी सोडून धुता येतं. बिघडलं तर चार बोल्ट काढून दुकानात नेता येतं. फक्त तळ बघ. चपट्या तळाची बोट शांत पाण्यात पळते आणि लाटेवर कंबर मोडते. तळाचा व्ही आकार खोल हवा, वीस अंशांच्या आसपास. थांबल्यावर थोडी डुलेल. ओवीला उलटी होईल, होऊ दे.

पण इंजिन एकच आहे ना गं.

हे लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

तू म्हणालीस, पहिल्याच महिन्यात मुरूडला जाणार. मांडव्याहून जंजिरा तीस-पस्तीस सागरी मैल. वीस नॉटनं, म्हणजे तासाला वीस सागरी मैलांनी, दोन्ही वेळचे मिळून साडेतीन तास धर. दीडशेचं इंजिन आरामात चालवलं तरी तासाला अठ्ठावीस लिटर पितं, म्हणजे ९८ लिटर. नियम असा की एक तृतीयांश जायला, एक यायला, एक राखीव. म्हणजे टाकीत १४७ हवेत. विकणाऱ्यानं टाकी १२० ची लिहिली आहे. आणि हा हिशेब शांत पाण्याचा. सकाळी जाताना समुद्र तेलासारखा असतो. दुपारी एकनंतर वायव्येचा वारा सुटतो आणि तुमची परतीची वाट नेमकी त्याच्या तोंडावर. जाताना पाठीवर थाप, येताना थोबाडीत. बोटीचा वेग निम्मा होतो, पेट्रोल दीडपट. म्हणून पहिलं वर्ष खांदेरीपर्यंत जा, किनारा डोळ्यापुढे ठेवून, आणि अकराच्या आत नाळ, बोटीचं नाक, घराकडे वळव. उंदेरी आणि आपल्या किनाऱ्याच्या मधून शॉर्टकट मारू नका, खाली खडप आहे. चौलचा कडू, तोही पाण्यातला खडकच, त्यालाही बाहेरूनच वळसा घालायचा.

मी पुन्हा मास्तर झालो. तुला भरतीचं गणित मीच शिकवलंय, तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ, अष्टमीला सहा. तू चौथीत असताना बाईंना सांगितलंस आणि बाईंनी पंचांग आणायला लावलं होतं. त्या दिवशी मी रेवसच्या धक्क्यावर सगळ्यांना ही गोष्ट सांगत सुटलो होतो. आमच्या लाँचचा सुकाणू धरणारा सारंग म्हणाला, पोरगी लाँचवर येणार बघ. तुला वाईट वाटू नये म्हणून कधी बोललो नाही, पण तू कॉम्प्युटरला गेलीस तेव्हा मला जरा बरं वाटलं होतं. जरा नाही, पुष्कळ.

आता ते सांगतोच. बाळूमामाच्या लग्नाहून परत येताना लाँच मध्येच थांबली होती, आठवतं? तू सहा वर्षांची. तू अजूनही सगळ्यांना सांगतेस, की काय सुंदर तारे दिसत होते आणि आईनं करंज्यांचा डबा उघडला होता. खाली मी होतो. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेत प्लॅस्टिकची पिशवी अडकली, इंजिन तापलं, बंद करावं लागलं. वर साठ माणसं, त्यात तू आणि आई. ओहोट आम्हाला दोन नॉटनं बाहेर ओढत होती, आणि बाहेर मोठ्या जहाजांचा चॅनेल. सारंगानं नांगर टाकला तो धरला, म्हणून. चाळीस मिनिटं मी त्या जाळीत हात घालून होतो. मनगटावरचा डाग स्टोव्हचा नाही.

तू त्या रात्रीतून तारे घेऊन आलीस, तुझं नशीब चांगलं. मी हेच घेऊन आलो: इंजिन बंद पडलं तर? साधी पिशवी होती. हल्ली तर बंदरात पिशव्यांशिवाय काही दिसत नाही. वर डोल जाळ्यांचे खुंट आणि दोर, पंख्यात गुंतले की तीच गत.

म्हणून दोनच हट्ट. मागे दुसरं छोटं इंजिन लावून घे, नऊ-दहा घोड्यांचं, त्याची टाकी वेगळी. चार-पाच नॉट देईल, पण घरी आणेल. आणि नांगर दिखाऊ नको, साखळीसकट, खोलीच्या सातपट दोर. इंजिन गेलं की तोच ब्रेक.

बाकीचं तू करशीलच. जॅकेट अंगावर, बाकाखाली नाही. डिसेंबर २०२४ ला एलिफंटाच्या वाटेवर काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. चालवणाऱ्याच्या मनगटाला लाल दोरी, तो पडला की इंजिन आपोआप बंद. व्हीएचएफ रेडिओ सोळा नंबरच्या चॅनेलवर, मोबाईलवर विसंबू नको. कोस्ट गार्डचा १५५४ ओवीलाही पाठ करून दे. मेरीटाईम बोर्डाची नोंदणी आणि विमा चालू आहेत का, ते कागद हातात घेऊन बघ, फोटो नको.

दमलीस ना वाचून. आई पलीकडून म्हणतेय, पत्र आहे की सर्व्हे रिपोर्ट. चुकलं असेल तर माफ कर. तू माझ्याहून धीट आहेस हे मला त्या रात्रीपासून माहीत आहे. घाबरतो मी, आणि त्याचा राग तुझ्यावर काढतो.

शनिवारी मी येतो. नको म्हणू नकोस, पहिल्या एसटीनं निघतोय. दशमी आहे, साडेसातला भरती, तेव्हा आठला बोट पाण्यात घालून चालवून बघू. त्या माणसाला सांग, मी येईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. मी आधी झाकणावर हात ठेवून बघणार, गरम लागलं तर त्यानं आमच्या आधी सुरू करून काहीतरी लपवलंय. मग मुताची धार बघायची, इंजिन थंड करणारं पाणी मागून जोरात आणि सारखं पडलं पाहिजे. गिअरचं तेल काढून बघू, दुधासारखं निघालं तर आत पाणी आहे, उठून यायचं. दुपारी दीडला ओहोटी, तेव्हा बोट वाळूवर बसेल, मी लाकडी हातोडीनं तळ आणि मागची फळी ठोकून बघीन. टणटण वाजायला हवं, भद्द वाजलं की पाणी मुरलंय.

हातोडी माझ्याकडे आहे. तू फक्त जुनी चादर आण, वाळूवर आडवं पडावं लागेल. आई तुझ्यासाठी सुके बोंबील देतेय, सुहासरावांना वास येतो म्हणून दोन पिशव्यांत बांधलेत.

बाबा