पब म्हणजे नुसता गुत्ता नव्हे

‘परदेशातले मद्यपान’ या विषयावरची पत्रे वाचली. इंग्लंडमधल्या खेड्यांतल्या जुन्या पबना सरसकट गुत्त्यांच्या रांगेत बसवलेले पाहून वाईट वाटले.

मुलीकडे स्विंडनला असताना विल्टशायरची खेडी पायी हिंडलो. एका जुन्या सराईच्या कमानीखाली बराच वेळ थांबलो होतो. दोन्ही बाजूंच्या दगडांवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, गाड्यांच्या चाकांचे तुंबे घासून खोल चरे पडले होते. घोडे बदलायचे, टपाल उतरायचे ते इथेच. अपमृत्यू झाला तर कॉरोनरची, म्हणजे अशा मृत्यूंचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशीही बहुधा गावच्या पबातच बसे. शेतमजुरांची मजुरीसुद्धा तिथे वाटत आणि घरी पोचण्याआधीच ती निम्मी व्हायची. 1883 च्या कायद्याने हे थांबवले, ते योग्यच झाले. त्याआधी 1830 च्या कायद्याने 2 गिनी (जुने इंग्रजी चलन) भरून कुणाही करदात्याला घरच्या ओसरीत बिअर विकता येऊ लागली होती. गावोगाव बिअरची दुकाने झाली ती त्यामुळे.

मार्लबरोची ‘कॅसल इन’ तर लंडन-बाथ रस्त्यावरची नामांकित सराई. 1841 मध्ये लंडन-ब्रिस्टल रेल्वे पूर्ण झाली, घोडागाड्यांचा धंदा बसला आणि दोनच वर्षांत त्या वास्तूत शाळा भरू लागली. आजही भरते.

आपल्या पुरवणीत या सराया आणि आपल्याकडच्या धर्मशाळा यांवर एखादा सविस्तर लेख जरूर छापावा, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा