दसऱ्याआधी बॅटरीचं बघू

वागळे इस्टेट, ठाणे

प्रिय दिनू,

स. न. वि. वि.

गणपतीत मुरबाडला आलो तेव्हा पडवीत अण्णांचा ट्रॅक्टर पाहिला. तू सेल्फ मारलास, इंजिन एकदा गुरगुरलं आणि मग नुसती ‘टक’. काकू ओटीवरून म्हणाल्या, “गेल्या दसऱ्यालाही असंच. हार घातला, नारळ फोडला, पण आवाज काही ऐकायला मिळाला नाही.” परत येताना कल्याणपर्यंत तेच डोक्यात होतं. दसरा तीन आठवड्यांवर आलाय, म्हणून फोनवर घाईत सांगण्यापेक्षा सगळं लिहूनच पाठवतो.

आधी ती यूपीएसची बॅटरी घ्यायचा विचार सोड. महापे-रबाळ्याच्या कंपन्यांतून निघालेल्या सीलबंद बॅटऱ्या भंगारात स्वस्त मिळतात, हे खरं. पण त्यांचं काम वेगळं. त्यांतल्या प्लेट जाड असतात, वीज गेल्यावर सावकाश आणि बराच वेळ करंट द्यायला बनवलेल्या. सेल्फला दहा सेकंदांत तीनशे अँपिअर किंवा त्याहून जास्त लागतात. त्यासाठी पातळ आणि जास्त प्लेट हव्यात. दोन्हींवर बारा व्होल्टच लिहिलेलं असतं, त्यामुळे माणूस फसतो. शिवाय कंपनीने काढून टाकलेली बॅटरी म्हणजे तिचं आयुष्य संपत आल्यावरच काढलेली.

आता तुझी जुनी बॅटरी का गेली ते सांगतो. तू म्हणालास, “दर रविवारी दहा मिनिटं चालू करून ठेवतो, तरी उतरते.” अरे, त्यानेच उतरते. थंड इंजिनाला आधी आतली हवा तापवणारा हीटर प्लग, मग सेल्फ, दोन्ही मिळून साधारण एक-सव्वा अँपिअर-अवर (एक अँपिअर तासभर दिला की एक अँपिअर-अवर) खर्च होतात. आणि तुझ्या ट्रॅक्टरला बॅटरी चार्ज करायला अजून जुना डायनामो आहे, हल्लीचा अल्टरनेटर नाही. डायनामो मंद आयडलवर जवळजवळ काहीच देत नाही, इंजिनाचा वेग वाढला तरच त्याचं चार्जिंग सुरू होतं. पॅनेलवरच्या अँपिअर मीटरचा काटा बघ, आयडलला तो मधेच पडलेला असतो. म्हणजे दर रविवारी तू थोडं काढलंस आणि परत काही भरलं नाहीस. सहा महिन्यांत तीसेक अँपिअर-अवर गेले, वर बॅटरी आपली आपण उतरते ते वेगळंच. अर्धी उतरलेली बॅटरी तशीच राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग कितीही चार्ज करा, ती उठत नाही. जुन्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या कामाने क्वचित जातात, बसून जातात.

म्हणून माझं मत, एजीएम नावाची सीलबंद बॅटरी घे. दुकानात ‘सीलबंद’ म्हटलं की बहुतेक वेळा मेंटेनन्स फ्री बॅटरी पुढे करतील. तिच्यातही पातळ ॲसिडच असतं, फक्त पाणी घालायचं झाकण नसतं. एजीएममध्ये ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं, प्लेट घट्ट दाबलेल्या असतात. ट्रॅक्टरच्या हादऱ्यांनी त्या सुटत नाहीत आणि आपली आपण महिन्याला दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त उतरत नाही. अण्णांनी बॅटरीच्या पेटीला लाल रंग दिला होता ना, तो ॲसिडने खाल्लाय, पत्र्याला भोक पडायला आलंय. तेही थांबेल. सध्या इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांना ७० अँपिअर-अवरची एजीएम येते, त्यातल्या काहींवर सीसीए, म्हणजे कडक थंडीत सेल्फला देता येणारा करंट, ७६० अँपिअर लिहिलेला असतो. ही परीक्षा उणे १८ अंशांवरची असते. मुरबाडच्या हवेत पस्तीस हॉर्सपॉवरच्या डिझेलला ती पुरून उरेल. लांबी साधारण २७८, रुंदी १७५, उंची १९० मिलिमीटर. पेटी टेपने मोज आणि मला कळव. जेल बॅटरीच्या फंदात पडू नकोस, तिला चार्जिंगचं व्होल्टेज जरा जास्त झालेलं अजिबात चालत नाही.

महाग आहे, साध्या बॅटरीपेक्षा बरीच. म्हणूनच एक गोष्ट आधी करायची, आणि ही मी स्वतः नुकसान सोसून शिकलो. पडघ्याला मामांच्या ट्रॅक्टरला मी मोठ्या हौसेने एजीएम बसवली आणि कटआऊट, म्हणजे डायनामोचं चार्जिंग आवरणारी डबी, तपासलाच नाही. आठ महिन्यांनी मामांनी बोलावलं. बॅटरीच्या दोन्ही बाजू पोळी फुगावी तशा फुगल्या होत्या, हात लावला तर गरम. मीटर लावला, साडेपंधरा व्होल्ट! साध्या बॅटरीत पाणी आटलं की डिस्टिल्ड वॉटर घालता येतं. एजीएममधलं पाणी व्हॉल्व्हवाटे एकदा गेलं की गेलं. मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तेव्हा तुझ्याकडे आधी जुनी बॅटरी पूर्ण चार्ज करून, इंजिन वेगात ठेवून, दिवे बंद करून बॅटरीच्या खुंटांवर मोजायचं. १४.२ ते १४.६ आलं तर छान. १४.८ च्या वर गेलं तर आधी कटआऊट, मग बॅटरी.

आणि एक. तुझ्या ट्रॅक्टरचा प्लस बॉडीला आहे, मी वाकून पाहिलंय. त्या काळात बऱ्याच ट्रॅक्टरना तसं असायचं. दुकानातल्या पोराला बसवू देऊ नकोस, तो सवयीने मायनस बॉडीला लावेल. सेल्फ त्याच बाजूला फिरेल, म्हणून लगेच कळणारही नाही, पण डायनामो आणि कटआऊटची वाट लागेल. प्लसचा खुंट मायनसपेक्षा दीड-एक मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे बॉडीच्या वायरचा लग, म्हणजे खुंटावर बसणारं टोक, जुन्या मापाचाच राहू दे. काढताना आधी बॉडीची वायर काढायची, लावताना ती शेवटी.

त्या वायरी मात्र बदलूच. सेल्फकडे जाणाऱ्या वायरीचा लग मी नखाने खरवडला तर आत हिरवी भुकटी. अशा वायरीवर नवी बॅटरीसुद्धा ‘टक’च करेल.

रविवारचं आयडलिंग बंद कर. एजीएमची सेटिंग असलेला चार-पाच अँपिअरचा छोटा ऑटोमॅटिक चार्जर पडवीत कायम लावून ठेव. चालू करायचाच तर अर्धा तास शेतात फिरवून आण. मे महिन्यात बॅटरी काढून घरात गारव्याला ठेव. पत्र्याखाली चाळीस अंश होतात, आणि पंचवीसच्या वर दर दहा अंशांना सीलबंद बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.

१९६३ साली महिंद्रा आणि इंटरनॅशनल हार्वेस्टरने मिळून कंपनी काढली, त्यांचा हा बी-२७५. अण्णा कसे अभिमानाने सांगायचे, “आपल्या कांदिवलीत बनलाय.” त्याला भंगारातली बॅटरी नको रे.

येत्या रविवारी सकाळी मीटर, नवी वायर आणि लग घेऊन येतो. तोवर दुकानात जाऊ नकोस. बॅटरी आपण दोघं जाऊन घेऊ, माझ्यासमोर मीटर लावून १२.८ दाखवलं तरच. काकूंना नमस्कार सांग, आणि दुपारी जेवायला आहे म्हणावं.

तुझा,
विजू