प्रोटीनचा आकडा

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

"आधी वजनाच्या किलोमागे रोज ०.८ ग्रॅम प्रोटीन सांगायचे, आता १.२ ते १.६ म्हणतात, मग आधीचं खोटं होतं का?" असं तू विचारलंस. खोटं नव्हतं. दोन्ही आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये दिलेला ०.८३ चा आकडा प्रोटीनमधल्या नायट्रोजनच्या जमाखर्चातून आला. अन्नातून किती आत गेला, मलमूत्रातून किती बाहेर पडला, याचा मेळ बसतो ती सरासरी गरज ०.६६. जवळजवळ सगळ्या निरोगी प्रौढांना पुरावं म्हणून थोडी भर घातली की ०.८३. म्हणजे झीज भरून निघण्यापुरतं. उतारवयात स्नायू टिकवायला किंवा वजनं उचलणाऱ्याला ते वाढवायला किती लागेल, हे त्यात विचारलंच नव्हतं. अमेरिकेच्या आहाराच्या नव्या सूचनांमधला १.२ ते १.६ चा आकडा त्या दुसऱ्या प्रश्नाकडे झुकतो. साठ किलोच्या माणसाला ५० ग्रॅमऐवजी ७२ ते ९६! सरसकट सगळ्यांना एवढं हवं, हे मला तरी पटलेलं नाही.

ही चढउतार जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीचे शरीरशास्त्रज्ञ कार्ल फॉइट यांनी कष्टकरी माणसाला दिवसाला ११८ ग्रॅम ठरवले. १९०४ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या रसेल चिटेंडन यांनी साधारण निम्म्यात भागतं असं प्रयोगांवरून मांडलं. पुढे १९६० च्या दशकात जगभर प्रोटीनचा तुटवडा आहे अशी हाकाटी उठली. १९७४ मध्ये पोषणतज्ज्ञ डोनल्ड मॅक्लॅरन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहून ती सगळी फजिती चव्हाट्यावर मांडली. बहुतेक कुपोषित मुलांना मुळात पोटभर अन्नच मिळत नव्हतं. आणि ऊर्जा कमी पडली की शरीर खाल्लेलं प्रोटीनसुद्धा इंधन म्हणून जाळतं.

हे एवढं सांगतोय ते तुझ्यासाठी. तू जेवण अर्ध्यावर आणलंयस आणि वर पावडरचे दोन डबे आणलेस. आधी पोटभर जेव. डाळी-कडधान्यं, दूध, अंडी, जे रुचेल ते रोज असू दे. प्रोटीन ज्या घटकांचं बनतं त्यांपैकी धान्यात लायसिन कमी, डाळींत मेथिओनिन कमी. दिवसभरात दोन्ही पोटात गेली की झालं, एकाच घासात जायला हवीत असं नाही. हिशेब ठेवायचाच तर एक लक्षात घे, पाकिटावरचे २२-२४ ग्रॅम शंभर ग्रॅम कोरड्या डाळीचे असतात, शिजून पाणी प्यायलेल्या वाटीभर डाळीचे नव्हेत.

जास्तीचं प्रोटीन शरीर चरबीसारखं साठवून ठेवत नाही. व्यायाम नसेल तर नुसत्या पावडरीने स्नायू वाढणार नाहीत. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊच नये.

प्रोटीन खरं वाढवायला हवंय ते तुझ्या आईने. साठीपुढे तेवढ्याच घासाला स्नायू पूर्वीसारखी दाद देत नाहीत, म्हणून तिच्या वयाला १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. ती नाश्ता टाळते आणि माझं ऐकत नाही. तुझं ऐकते. रविवारी फोन कर.

तुझा,
बाबा