दोन नॅपकिन आणि एक घुमट

सोलापूर,
४ फेब्रुवारी

प्रिय अरू,

परवा फोनवर तू विचारलंस, "मशिदीत ना मूर्ती ना चित्र, मग दोन तास बघत काय बसलास?" तेव्हा मला धड उत्तर सुचलं नाही, आणि तू हसून विषय बदललास. चाळीस वर्षं ग्राफवर चादरीची नक्षी काढण्यात गेली माझी, कागद पुढ्यात असल्याशिवाय मला सांगताच येत नाही. म्हणून हे पत्र. लांबलं तर चहा घेऊन बस.

विजापूरला मी आणि सादिक गेलो होतो. आपल्या कारखान्यातला फिटर, आठवतो ना? इथून एसटीनं शंभर किलोमीटर. जामी मशिदीत, म्हणजे शुक्रवारच्या मोठ्या नमाजाच्या मशिदीत, शिरताना मी विचारलं, "हिचा गाभारा कुठाय?" तो म्हणाला, "गाभारा नसतो रे. एक भिंत असते, बस्स."

अरू, या एका वाक्यात निम्मं काम झालं बघ. मदिनेत ६२२ च्या सुमारास पैगंबरांची मशीद उभी राहिली ती त्यांच्या घराचं अंगणच होती. कच्च्या विटांच्या भिंती, खजुराच्या खोडांचे खांब, वर झावळ्या. घुमट नाही, मिनारही नाही. नमाजाचं तोंड आधी जेरुसलेमकडे होतं, ६२४ पासून मक्केकडे वळलं. त्या दिशेची ती किब्ल्याची भिंत. आपल्याकडे ती पश्चिमेला येते, सोलापुरात किंचित उत्तरेकडे कललेली. मी आजवर समजत होतो की मुसलमान पश्चिमेला पुजतात. सादिकनं डोक्यावर हात मारला. मोरोक्कोतला माणूस पूर्वेकडे तोंड करून उभा राहतो म्हणे!

भिंतीच्या मधोमध कोनाडा असतो, तो मेहराब. नमाज पढवणारा इमाम त्याकडे तोंड करून उभा राहतो, म्हणजे लोकांकडे पाठ. त्याचा आवाज त्या खोलगट कोनाड्यावर आपटून मागे येतो. शेजारी मिंबर, म्हणजे पायऱ्यांचं व्यासपीठ, शुक्रवारच्या खुतब्यासाठी (प्रवचनासाठी). बाहेर अंगण आणि वजूचा, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचा हौद. आपल्या सिद्धेश्वराच्या देवळात कसं, सभामंडपातून आत जावं तसं अरुंद आणि अंधारं होत जातं. इथे उलट. पहिली रांग जितकी लांब तितकं बरं, म्हणून इमारत आत खोल जाण्यापेक्षा रुंदीला वाढते. जानमाजवर, नमाजाच्या चटईवर, विणलेली ती कमान आठव. तो मेहराबच! हजारदा पाहिली असेल मी, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं.

या जामी मशिदीचं काम पहिल्या अली आदिलशहानं तालिकोटच्या लढाईनंतर काढलं. मेहराबावरचं सोनेरी काम १६३६चं, महंमद आदिलशहाच्या वेळचं. पण मी खिळलो तो फरशीपाशी. काळ्या रेघांनी सगळ्या जमिनीवर चौकटी आखल्यात, एका माणसाला एक, सव्वादोन हजारांच्या आसपास. औरंगजेबाच्या वेळची आखणी म्हणतात. माझ्यासाठी तो जकार्डचा, म्हणजे नक्षीच्या मागाचा, ग्राफपेपरच! एकेक घर भरलं की नक्षी पुरी. मी वाकून चौकटी मोजायला लागलो, तर सादिक म्हणाला, "चल रे, डिझाइन मास्तर."

चित्र नसल्यामुळे इथल्या कारागिरांचं सगळं डोकं भूमितीत, वेलबुट्टीत आणि अक्षरांत गेलं. त्यात दख्खनी माणूस गंमत करतो. विजापूरचा घुमट नुसता छतावर ठेवत नाहीत, तो दगडी कमळाच्या पाकळ्यांतून वर येतो. हे दिल्लीकरांना जमलं नाही असं मी म्हणणार होतो, पण दिल्ली मी नीट पाहिलेली नाही, तेव्हा राहू दे.

गोल घुमट मात्र मशीद नव्हे, ती महंमद आदिलशहाची कबर, १६५६ची. मशीद पश्चिमेला वेगळी, छोटी. पण खरं कोडं या घुमटात आहे. खोली चौकोनी आणि छत गोल, मग कोपऱ्यांचं करायचं काय? तू आत्ता उठ आणि दोन चौकोनी नॅपकिन घे (सोलापुरीच घे). एक सरळ ठेव, दुसरा त्यावर तिरपा, टोक बाजूच्या मधोमध येईल असा. आठ टोकांची चांदणी झाली? आता मधला भाग बघ. तो अष्टकोन, जवळजवळ गोलच. भिंतींतून निघालेल्या आठ कमानी एकमेकींना छेदत नेमकी हीच चांदणी करतात आणि तिच्यावर घुमट बसतो. आतून सुमारे १२४ फूट रुंद, मध्ये एकही खांब नाही. शिवाय घुमट बाहेर रेटतो आणि कमानींवरचं आत झुकलेलं बांधकाम आपल्या वजनानं तो रेटा अडवतं. आमच्या मागावर ताण सांभाळायला वजनं टांगायचे, ते आठवलं मला. वरच्या सज्जात एका बाजूची कुजबुज समोरच्या बाजूला ऐकू येते म्हणतात, पण पोरं किंचाळून आवाज घुमवत होती, त्यामुळे ती काही ऐकू आली नाही.

आता पुढची फेरी गुलबर्ग्याची, किल्ल्यातली १३६७ची बहमनी मशीद. तिला मोकळं अंगणच नाही, सगळी छताखाली. नियम मोडणारी इमारत मला बघायचीय. तू येणार असशील तर आठ दिवस आधी कळव, म्हणजे हिला कडक भाकरी करून ठेवायला सांगतो. शेंगाचटणी आहेच.

त्यानंतर तुला गोल घुमटही दाखवीन म्हणतो, फक्त गुडघ्याचा पट्टा विसरू नकोस. सज्जापर्यंतचा जिना गोल गोल सात मजले वर जातो, आणि मला अर्ध्यातच बसावं लागलं होतं.

तुझा,
बाळ्या