हँडल मोडले, दार नव्हे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्राचे अनेक वाचक आता अमेरिका आणि कॅनडातील थंड प्रदेशांत स्थायिक झाले आहेत, आणि वर्षाआड त्यांच्याकडे जाऊन पाच-सहा महिने राहणारे आमच्यासारखे आईवडीलही पुष्कळ आहेत. तिकडच्या घरांतील एका किरकोळ वाटणाऱ्या वस्तूविषयी हे पत्र लिहीत आहे. ती वस्तू म्हणजे स्टॉर्म डोअरचे हँडल. ते मोडल्यावर सबंध दारच बदलण्याचा सल्ला आमच्या मुलीला मिळाला होता. तो चुकीचा होता, आणि तसाच सल्ला मानून खर्चात पडलेली आणखी दोन मराठी घरे मला त्याच मुक्कामात भेटली.

ज्यांनी हे दार पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मुख्य दाराच्या बाहेर, त्याच चौकटीला लागून, ॲल्युमिनियमच्या पातळ चौकटीचे आणि काचेचे दुसरे दार बसवलेले असते. पाऊस, बर्फ आणि वारा यांचा पहिला मारा ते झेलते, आणि दोन दारांच्या मध्ये कोंडलेली हवा घरातील ऊब टिकवायला मदत करते. उन्हाळ्यात पुष्कळ दारांची काच काढून तिथे जाळी लावता येते. मुख्य दार आत उघडते, हे मात्र बाहेर उघडते. त्यामुळे दार किलकिले होताच वारा ते हातातून हिसकावून घेतो आणि तो सगळा झटका हँडल, खटका आणि बिजागऱ्या यांना बसतो. हँडल लवकर मोडण्याचे एक कारण हेच आहे. दुसरे कारण असे की स्वस्त हँडले जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतकामाची असतात आणि असे ओतकाम वाकत नाही, एकदम तुटते.

मुलीकडच्या हँडलचे बाहेरचे बटण दाबले की आतच बसून राहू लागले. पाहायला आलेल्या दुरुस्तीवाल्याने दारावरची धूळसुद्धा न पुसता सांगितले की इतक्या जुन्या दाराचे हँडल आता मिळत नाही, दार बदला. जावयांना ते पटले नाही. त्यांनी फोनवर चित्रे पाहून तंतोतंत तसेच दिसणारे एक हँडल मागवले, ते बसले नाही. दुसरे मागवले, तेही बसले नाही. तेव्हा त्यांनी हताश होऊन दोन्ही खोकी माझ्यापुढे ठेवली. माझी सारी नोकरी कारखान्याच्या दुरुस्ती खात्यात गेली असल्यामुळे मला एवढे नक्की ठाऊक होते की सुटा भाग रंगारूपावरून मागवायचा नसतो. दोन हँडले जुळ्या भावंडांसारखी दिसली तरी त्यांची भोके जुळतीलच असे नाही, आणि ज्याची भोके जुळतात ते दिसायला अगदी वेगळे असू शकते.

ओळख पटवताना पहिला प्रश्न विचारायचा तो खटका कुठे बसला आहे, याचा. दार उघडून त्याची जाड कड समोरून पाहावी. कडेवर दोन स्क्रूंनी बसवलेली उभी धातूची पट्टी असेल आणि खटका तिच्यातून बाहेर येत असेल, तर कुलपाची पेटी दाराच्या पोटात आहे असे समजावे. याला तिकडे मॉर्टिस म्हणतात. कड कोरी असेल आणि खटका आतल्या बाजूला दाराच्या पृष्ठभागावर स्क्रूंनी जोडलेल्या डबीतून येत असेल, तर तो पृष्ठभागावर बसणारा प्रकार होय. या दोन प्रकारांची अदलाबदल होत नाही. जावयांचे पहिले खोके इथेच बाद झाले, कारण दार पृष्ठभागावरच्या खटक्याचे होते आणि त्यांनी आणले होते मॉर्टिस.

दुसरा प्रश्न बाहेरून खटका हलतो कसा, हा. अंगठ्याने बटण दाबायचे असेल तर बटणाची दांडी दारातून आरपार जाऊन आतल्या तरफेला ढकलते. मूठ किंवा दांडा फिरवायचा असेल तर दारातून एक चौकोनी सळई जाते आणि तीच खटका मागे ओढते. ही सळई किंवा ती ज्या खोबणीत बसते ती झिजून गोलसर झाली असेल, तर दांडा फिरतो पण खटका जागचा हलत नाही, आणि अशा वेळी पुष्कळदा नवे हँडल न घेता तेवढी सळई बदलून भागते. हे लक्षण लोक फारसे तपासत नाहीत.

यानंतर मापे घ्यावीत. हँडल धरून ठेवणाऱ्या वरच्या आणि खालच्या स्क्रूंच्या मध्यबिंदूंमधील अंतर हे यातले सर्वांत महत्त्वाचे माप. बटणाच्या बहुतेक हँडलांत ते १ पूर्णांक ३/४ इंच, म्हणजे सुमारे ४४.५ मिलिमीटर असते. काही दुसऱ्या प्रकारांत ते ३ इंच असते. भोकांच्या समोरासमोरच्या कडांवरून हे अंतर घेतले तर हमखास चूक होते. त्याऐवजी एका भोकाच्या वरच्या कडेपासून दुसऱ्या भोकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजावे. भोके एकाच आकाराची असली की ते अंतर मध्यबिंदूंच्या अंतराइतकेच येते. हँडल काढल्यावर दारावर कागद धरून पेन्सिल आडवी घासली की भोकांचा हुबेहूब ठसा उमटतो, आणि दुकानात न्यायला असा ठसा फोनवरच्या छायाचित्रापेक्षा कितीतरी उपयोगी पडतो.

पुढचे माप दाराच्या जाडीचे. ते काचेजवळच्या पातळ भागावर घेऊ नये, हँडल ज्या उभ्या पट्टीवर बसते तिथेच घ्यावे. स्टॉर्म डोअरची जाडी पाऊण इंचापासून दोन इंचांपर्यंत असू शकते, आणि प्रत्येक हँडलच्या खोक्यावर ते किती ते किती जाडीला चालते हे बहुधा बारीक अक्षरांत छापलेले असते. जावयांच्या दुसऱ्या खोक्यातील हँडलची भोके अगदी बरोबर जुळत होती, पण ते साधारण एक इंच जाडीसाठी केलेले होते आणि दार निघाले दीड इंचाचे. स्क्रू पलीकडे पोचतच नव्हते.

इथे माझ्या हातूनही एक चूक झाली, ती लपवत नाही. स्क्रूच आखूड आहेत ना, मग लांब स्क्रू लावू, असे म्हणून मी सोबत नेलेल्या डबीतून ४ मिलिमीटरचे मेट्रिक स्क्रू काढले. दोन-तीन फेरे झकास गेले आणि मग स्क्रू जाम झाला. अमेरिकेतील या हँडलांना बहुधा आठ-बत्तीस म्हणून ओळखले जाणारे स्क्रू लागतात. त्यांचा व्यास सुमारे ४.१७ मिलिमीटर असतो आणि एका इंचात ३२ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांतील अंतर सुमारे ०.७९ मिलिमीटर होते. आपल्याकडच्या ४ मिलिमीटर स्क्रूचे हेच अंतर ०.७ मिलिमीटर असते. दर आट्याला ०.०९ मिलिमीटरचा हा फरक साचत जातो आणि स्क्रू अडतो. जोर केला तर हँडलमधले आटे कायमचे जातात. जन्मभर शिकाऊ मुलांना जे बजावले तेच मी विसरलो. सुदैवाने जोर करण्याआधी हात आवरला.

दार कोणत्या कंपनीचे आहे हे कळले तर काम सोपे होते, यात शंका नाही. लार्सन, अँडरसन, एम्को ही तिकडची परिचित नावे आहेत. यांपैकी एम्को हे अँडरसनच्याच घरातले, त्यामुळे एम्कोच्या दाराचे भाग शोधताना अँडरसनकडे चौकशी करावी लागते. नाव आणि क्रमांक असलेली लहानशी पट्टी बहुधा बिजागरीकडच्या कडेवर किंवा दाराच्या वरच्या कोपऱ्यात चिकटवलेली असते. वर्षानुवर्षांच्या धुळीखाली ती दिसत नाही. ओल्या फडक्याने हलकेच पुसावे, नखाने खरवडू नये. आमच्या दारावरची पट्टी उन्हाने पांढरीफटक पडली होती, एक अक्षर वाचता येत नव्हते. तरी काही अडले नाही. खटक्याची जागा, भोकांचे अंतर आणि दाराची जाडी या तीन गोष्टी कागदावर लिहून हार्डवेअरच्या दुकानात गेलो तेव्हा तिथल्या मुलीने कंपनीचे नावही न विचारता पाच मिनिटांत हँडल काढून दिले. तीस डॉलरच्या आत काम झाले. नव्या दाराचा जो अंदाज मिळाला होता तो याच्या दहापटींहून अधिक होता.

डावे-उजवे हाही एक गोंधळाचा मुद्दा आहे. स्टॉर्म डोअरच्या बाबतीत आपण घराबाहेर दाराकडे तोंड करून उभे असताना बिजागऱ्या ज्या हाताला येतात, त्यावरून दार डावे की उजवे ते ठरवतात. पृष्ठभागावरची बरीचशी हँडले दोन्ही बाजूंना चालतात. मॉर्टिसमध्ये मात्र खटक्याचा उतार कोणत्या बाजूला आहे ते पाहून काही वेळा तो उलटा करून घ्यावा लागतो.

बसवण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे. अनेक हँडलांसोबत येणाऱ्या स्क्रूंवर आणि सळईवर ठरावीक अंतराने खाचा पाडलेल्या असतात, जेणेकरून दाराच्या जाडीप्रमाणे नको तेवढा तुकडा पक्कडीने मोडून टाकता येतो. मोडण्याआधी तो भाग दारात घालून दोनदा पाहावा, कारण मोडलेला तुकडा परत जोडता येत नाही. दार आतून पोकळ असल्यामुळे स्क्रू गच्च आवळू नयेत. जास्त आवळले की ॲल्युमिनियमचा पत्रा चेपतो, आतील डबी तिरकी होते आणि खटका बाहेर आलाच तर अर्धवट येतो. नवे हँडल बिघडलेले निघाले अशी तक्रार करण्याआधी दोन्ही स्क्रू पाव-पाव फेरा सैल करून पाहावेत. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे चाचणी दार उघडे ठेवूनच करावी. खटका बोटाने दाबून, बाहेरून बटण दाबून, आतून कुलपाची कळ फिरवून सर्व हालचाली पाहाव्यात आणि मगच दार लावावे. उणे तापमानात, अंगात साधा सदरा असताना, बाहेरून न उघडणारे दार आपल्याच हाताने लावून घेण्यासारखी फजिती नाही.

भोके जुळत नाहीत म्हणून दाराला नवी भोके पाडण्याचा मोह टाळावा, असे माझे मत आहे. जुनी भोके उघडी राहतात, त्यांतून पाणी आत जाते, आणि हँडल वर-खाली सरकले तर मुख्य दाराच्या मुठीवर आपटण्याचीही शक्यता असते. दोन दारांमधील जागा अगदी बेताची असते, म्हणून आतल्या बाजूने किती पुढे येणारे हँडल चालेल हेही आधी मोजून ठेवणे बरे.

कधी कधी हँडल निर्दोष असते आणि दोष दाराचा असतो. बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार झुकले की खटका चौकटीवरील पट्टीत नीट शिरत नाही. मग घरातील माणसे दार आपटू लागतात आणि शेवटी मोडते ते हँडल. हवामानाचाही थोडा वाटा असतो. ॲल्युमिनियम दर अंश सेल्सियसला लांबीच्या सुमारे दहा लाखांत २३ भाग इतके वाढते. ८० इंच उंचीचे दार उणे २० पासून अधिक ३० अंशांपर्यंत तापले तर त्याची उंची सव्वादोन मिलिमीटरहून अधिक वाढते. लाकडी चौकट तशी वाढत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात नीट लागणारा खटका हिवाळ्यात घासू शकतो. अशा वेळी चौकटीवरील पट्टीचे स्क्रू सैल करून ती किंचित सरकवणे एवढाच उपाय पुरतो. दार आपोआप मिटवणाऱ्या नळीच्या टोकाचा स्क्रू फिरवून मिटण्याचा वेगही जुळवून घ्यावा. दार शेवटच्या वितीत रेंगाळत असेल तर खटका लागत नाही, आणि धाडकन लागत असेल तर नव्या हँडललाही जुन्याचीच वाट धरावी लागेल. वाऱ्याने दार पूर्ण फाकू नये म्हणून वर स्प्रिंग असलेली साखळी लावतात, ती तुटलेली असल्यास हँडलबरोबरच बदलावी.

ही हँडले विकणाऱ्यांनी भोकांचे अंतर आणि दाराची जाडी खोक्याच्या दर्शनी भागावर ठळक छापावी, एवढी अपेक्षा वाजवी आहे. सध्या तिथे हँडलचा रंग मोठ्या अक्षरांत असतो आणि मापे मागच्या बाजूला. ते आपल्या हातात नाही. आपल्या हातात आहे ते असे की आपल्या घरविषयक पुरवणीत या हँडलची एक साधी रेखाकृती छापावी आणि तिच्यात वरच्या-खालच्या स्क्रूंच्या मध्यबिंदूंमधील रेषा बरोबर ४४.५ मिलिमीटर ठेवावी, म्हणजे वाचकांना ती कापून थेट दाराला लावून पाहता येईल. फोनच्या पडद्यावर तीच आकृती लहानमोठी होते, म्हणून तिच्याखाली माप आकड्यांतही द्यावे. आकृती लागणार असल्यास माझ्याकडचा पेन्सिलीचा ठसा मी आनंदाने पाठवीन.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त वाचक