स्वरतंतूंवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

स्वरतंतूंवर दोन्ही बाजूंना गाठी आहेत, एवढं ऐकलं आणि पुढचं काही माझ्या डोक्यात शिरलंच नाही. गाठ म्हटलं की मन कुठे धावतं, ते तुम्हाला काय सांगायचं! तुम्ही स्ट्रोबोस्कोपीचं, म्हणजे लुकलुकत्या प्रकाशात स्वरतंतूंची हालचाल संथ दाखवणाऱ्या तपासणीचं, चित्रण पडद्यावर थांबवून दाखवलंत. बाईमाणसाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला सुमारे 200 वेळा एकमेकांवर आदळतात. रोज आवाज ताणला की जिथे जास्त मार बसतो, तिथे घट्टे पडतात. कर्करोगाशी त्यांचा संबंध नाही, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. मला दोनदा ऐकायचंच होतं.

व्हॉइस थेरपी चालू होती, तिने फरकही पडत होता. पण शाळेतले शिकवण्याचे तास काही चुकत नव्हते आणि दुपारपर्यंत घसा बसायचाच. तरी तुम्ही शस्त्रक्रियेची घाई केली नाहीत. ट्रायमसिनोलोन या सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचं इंजेक्शन थेट स्वरतंतूच्या वरच्या थरात, पूर्ण भूल न देता देता येतं, हे मला तेव्हाच कळलं.

नाकातून दुर्बीण, घशात लिग्नोकेनचा फवारा, गळ्याच्या पुढून सुई. घसा इतका बधिर की आवंढा गिळला की नाही तेही समजेना. ‘आता खोकू नका’ म्हणालात आणि मला नेमका तेव्हाच खोकला आला. तुम्ही सुई बाहेर घेतलीत, थांबलात, पुन्हा सुरुवात केलीत. आवाज जराही चढला नाही. औषध ते किती, मिलिलिटरचा एक अंश! पडद्यावर स्वरतंतू किंचित फुगलेला दिसला, संपलं.

सगळ्यात जास्त आभार मात्र आधी सांगून ठेवल्याबद्दल. औषधाचा पांढरा थर काही आठवडे दिसू शकतो, कधी रक्त साकळतं, स्वरतंतू काही काळ बारीकही होऊ शकतो. त्यामुळे पुढच्या तपासणीत पांढरं दिसलं तेव्हा मी घाबरले नाही. सूज उतरेल, पण बोलण्याची पद्धत तीच राहिली तर गाठी परत येऊ शकतात, हेही तुम्ही लपवलं नाहीत. थेरपी म्हणूनच चालू ठेवली आहे. (कुजबुजणं म्हणजे घशाला आराम नव्हे, हे आमच्या स्टाफरूमला अजून पटलेलं नाही.)

गाठी लहान झाल्यात, पूर्ण गेलेल्या नाहीत. वर्गात माइक लावते. मागच्या बाकावरून ‘बाई, ऐकू येत नाही’ येणं बंद झालंय.

सिस्टरांनाही हे पत्र वाचून दाखवा. सुईच्या वेळी त्यांच्या हातावर माझी नखं उमटली होती, त्यांचे आभार वेगळे.

तुमची,
एक शिक्षिका