फोन का लागत नव्हता ते सांगतो

आई, बाबा,

नमस्कार. हे फोनवर पण सांगता आलं असतं, पण बाबा मधेच फोन काढून घेतात आणि माझी दोन वाक्यं व्हायच्या आत "फिल्टर बघ, फिल्टर" सुरू करतात. म्हणून लिहून पाठवतोय, ताईला मोठ्याने वाचायला सांगा. आणि बाबा, शेवटपर्यंत ऐका, यात तुमचंही नाव येणारे.

पिंपळगावला ट्रकमध्ये कांदा भरला, इंदूरचा माल. शिरपूर सुटेपर्यंत गाडी मस्त होती. पळासनेर गेलं, बिजासन घाट लागला आणि चढाला गाडीचा जोर कमी पडायला लागला, थर्डवरून सेकंडला, सेकंडवरून फर्स्टला, पाय पूर्ण दाबलाय तरी गाडीला दमच नाही, आणि एका वळणाच्या पुढे बंदच पडली. रात्रीचा दीड वाजलेला. हायवेच्या मदतीच्या नंबरला, 1033 ला, फोन करावा तर मोबाइलला रेंज नाही. आई, तुझे सहा मिस्ड कॉल नंतर दिसले. काळजी करू नको, क्लीनर पोराने आधी चाकांना दगड लावले, मी ट्रँगल लांब मागे नेऊन ठेवला, फांद्या टाकल्या, पार्किंग लाइट चालू ठेवले, मगच बॉनेट.

सेल्फ मारला तर इंजिन जोरात फिरत होतं, म्हणजे बॅटरी ठीक. पण सायलेन्सरमधून धूर नाही, पांढरा नाही, काळा नाही, काहीच नाही. म्हणजे डिझेलच वर पोचत नाहीये. इंजिन बंद करायची स्टॉपची केबल अडकलीय का बघितली, नव्हती. मग कानात तुमचाच आवाज, फिल्टर बघ. जवळ नवीन होता, बदलला. लाइनमधली हवा काढायला वरचा बोल्ट सैल करून हँड पंप मारत बसलो, फसफस फेस आला, मग साफ डिझेल, बोल्ट आवळला, सेल्फ मारला, चालू! पोराने खूश होऊन दगड काढले आणि दोनशे मीटरवर परत तेच.

म्हणजे बाबा, फिल्टर नव्हता. हे ताईने दोनदा वाचावं.

दुसऱ्यांदा एअर काढायला बसलो तर फेस संपेचना. कुठूनतरी हवा घेतेय हे नक्की, पण टॉर्च घेऊन टाकीपर्यंत सगळी लाइन चाचपली, एक थेंब ओला नाही. इथे माझा अर्धा तास गेला, लीकेज म्हटलं की ओलं दिसणारच असं डोक्यात बसलेलं. टाकी ते फीड पंप, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणारा पंप, या लाइनला दाब नसतो, ओढ असते, तिथे चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. आणि सपाटीला डिझेल कमी लागतं म्हणून निभावलं, घाटात फुल लोडला ओढ वाढली, त्यात टाकी अर्ध्याखाली.

तेवढ्यात मागून एक नव्या बीएस-6 ट्रकवाला थांबला, सांगलीकडचा. बघून म्हणाला, नशीबवान आहेस, तुझ्या गाडीला पाना तरी लावता येतो, आमच्यात कॉमन रेलचा, म्हणजे जबर दाबाच्या डिझेलचा, पाइप सैल करायची सोय नाही, प्रेशरने डिझेल कातडीत घुसतं, लॅपटॉप घेऊन माणूस येईपर्यंत झोपून राहायचं. त्याने रिकामा डीईएफचा, म्हणजे धूर साफ करायच्या द्रवाचा, कॅन दिला, पण मी नाही घेतला, आतलं युरियाचं पाणी डिझेलमध्ये गेलं तर पंपाची वाट. आपलाच डिझेलचा कॅन काढला. फीड पंपाकडे येणारी नळी सोडून तिथे जास्तीची नळी लावली, तिचं टोक थेट कॅनमध्ये, आणि एअर काढून सेल्फ मारला. पाच मिनिटं रेस करून बघितली, बंद पडायचं नावच नाही. म्हणजे रोग टाकी आणि पंपाच्या मधे.

मग गाडीखाली शिरलो. चेसिसच्या आतल्या बाजूला रबरी नळीचा जोड आहे ना, तिथे क्लिप नव्हती, तार होती. तीन वेढे, आणि टोक पिळून आत वळवलेलं, आपल्या गोठ्याच्या दाराला आहे अगदी तस्सं. बाबा, मला कोणाला विचारायची गरजच पडली नाही! तार रबरात रुतत रुतत गेलेली, बोटाने नळी वाकवली की खाली नखाएवढी चीर उघडायची.

रागावलो नाही हां, इतकी वर्षं तारेने काम केलं. चिरलेलं टोक ब्लेडने कापलं, नळी पुरली नशिबाने, एक क्लिप माझ्याकडे होती आणि एक त्या सांगलीवाल्याने दिली, पैसे घेतले नाहीत. सेंधव्याला चहा प्यायलो तेव्हा उजाडत होतं. इंदूरला आडत्याने उशिरावरून तोंड वाजवलं, वाजवू दे, कांदा चांगला निघाला.

शनिवारी पोचतो. आई, ढोकळे कर, हॉटेलचं खाऊन कंटाळलोय.

आणि बाबा, उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या रिटर्न लाइनवरपण एक तार दिसली, ती तुमचीच का? खाली अजून कुठे कुठे बांधल्यात ते आजच कळवा, उद्या निघायच्या आधी बघून घेतो.